निजलेल्या वाहनाचे क्षेम

योग आणि क्षेम हे शब्द आपल्या तोंडी एका दमात येतात, आणि त्यामुळेच त्यांच्यातील भेद सहसा आपल्या ध्यानात राहत नाही. जे आपल्यापाशी नाही ते प्राप्त करून घेणे हा योग, आणि जे प्राप्त झाले आहे त्याचे रक्षण करणे हे क्षेम, असा या दोन पदांचा अर्थ जुन्या भाष्यकारांनी लावलेला आहे. योगाचा सोहळा होतो. नवे घर झाले की वास्तुशांत होते, नवी गाडी आली की नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. क्षेमाचा सोहळा कोणी करीत नाही. पावसापूर्वी घराची शाकारणी झाली म्हणून कोणी गावजेवण घातल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आणि तरीही घर टिकते ते शाकारणीने, असे आम्ही म्हटल्यास धार्मिक वाचकांनी आमच्यावर रागावू नये. शाकारणी ही वास्तुशांतीचीच दर वर्षीची उजळणी आहे, असेही म्हणता येईल.

प्रश्न असा आहे : जी वस्तू आज आपल्या उपयोगाची नाही, पुढचे सहा महिने जिच्याकडे कोणी पाहणारही नाही, तिच्याविषयी आपले काही कर्तव्य आहे काय? असल्यास ते कोणाप्रती? वस्तूप्रती म्हणावे, तर लोखंडाला आणि लाकडाला सुखदुःख नाही. स्वतःप्रती म्हणावे, तर ते केवळ मालमत्तेचे रक्षण झाले. त्यास कर्तव्य हे भारदस्त नाव देण्याचे प्रयोजन उरत नाही. या पेचाचा विचार निव्वळ शब्दांच्या बळावर करण्यापेक्षा एखादे धडधडीत उदाहरण पुढे ठेवून करावा, असे आम्हांस वाटते. आणि ते उदाहरण आम्ही एका परक्या मुलखातून घेत आहोत. मुलूख परका असला तरी आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले-नातवंडे आज तेथे नांदत आहेत, तेव्हा तो अगदीच अनोळखी वाटणार नाही.

अमेरिकेत आणि कॅनडात ‘आर. व्ही.’ या नावाने ओळखले जाणारे एक वाहन आहे. नाव विहाराचे, म्हणजे मौजेच्या सफरीचे. पण वस्तू पाहिली तर ते चाकांवर बसविलेले घर होय. काहींना स्वतःचे इंजिन असते, त्यांस मोटरहोम म्हणतात. काही दुसऱ्या गाडीच्या मागे जोडून ओढून न्यावी लागतात, ती ट्रेलर. आत ओटा, गॅसची शेगडी, शीतकपाट, निजायची फळी, मोरी, शौचकूप, पाणी तापविण्याचा बंब, सारे काही हातभर अंतरावर. वॉली बायम नावाच्या गृहस्थाने १९३० च्या दशकात एअरस्ट्रीम या नावाने चंदेरी, माशाच्या अंगासारखे ट्रेलर विकावयास आरंभ केला. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी या लहानशा गावी १९५८ साली जो कारखाना निघाला, तो पुढे विनेबागो या नावाने प्रसिद्धीस आला. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे गाव तर या धंद्याचे माहेरघरच. उन्हाळा आला की ही फिरती घरे रस्त्यांवर दिसू लागतात. कोणी यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांकडे जातो, कोणी सरोवराकाठी आठवडाभर मुक्काम टाकतो. आपल्याकडील मंडळीही आता यात मागे नाहीत. अशा वाहनाच्या ओट्यावर पिठले-भात शिजतो आणि समोरच्या फळीवर लहानशी गणपतीची मूर्ती ठेवलेली असते.

परंतु उन्हाळा तेथे अल्पायुषी. मिनेसोटा, ऑन्टारिओ, अल्बर्टा असल्या प्रदेशांत ऑक्टोबर उलटला की रात्री पारा शून्याखाली उतरू लागतो आणि जानेवारीत उणे २० अंशांखाली जाणे यात नवल काही नाही. वाहन मग चार-सहा महिने अंगणात किंवा भाड्याच्या आवारात उभे राहते. योगायोग असा की, आपल्याकडे कार्तिक शुद्ध एकादशीस देव जागे होतात, साधारण त्याच सुमारास तिकडे ही वाहने निजावयास जातात. आपला चातुर्मास पावसाचा, त्यांचा बर्फाचा.

निजविण्याची ही क्रिया मात्र नुसती किल्ली फिरवून दार लावण्याइतकी सोपी नाही. तिचे सारे मर्म पाण्याच्या एका विलक्षण स्वभावात आहे. बहुतेक पदार्थ थंडीने आकसतात; पाणी मात्र गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. नळीच्या वळणात, पंपाच्या पोटात, नळाच्या तोटीत पेलाभर पाणी राहिले तरी ते बर्फ होताना आपली जागा वाढवून मागते आणि प्लास्टिक असो की पितळ, त्यास चीर पडते. याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. चीर पडते तेव्हा काही दिसत नाही. फुटलेल्या जागी बर्फच बूच बनून बसलेले असते. डिसेंबरात फुटलेली नळी एप्रिलात गळते. आणि तीही वाहनाची टाकी भरून पंप चालू करीपर्यंत नव्हे. मग भिंतीच्या आतून पाणी झिरपते, लाकडी तळ भिजतो, बुरशी धरतो. ऑक्टोबरातील अर्ध्या दिवसाचा आळस आणि पुढल्या वैशाखातील हजारो डॉलरांचा भुर्दंड यांच्यामध्ये एक सबंध हिवाळा पसरलेला असतो. कर्म आणि त्याचे फळ यांच्या दरम्यान इतके पांढरेशुभ्र मौन क्वचितच पाहावयास मिळेल.

म्हणून जाणते लोक काय करतात ते पाहू. प्रथम तिन्ही टाक्या रिकाम्या करावयाच्या : स्वच्छ पाण्याची, मोरीच्या सांडपाण्याची आणि मैल्याची. मैल्याची टाकी नेमून दिलेल्या जागीच रिकामी करून धुवावयाची, रस्त्याच्या कडेला नव्हे. मग बंब. तो आदल्या दिवशीच बंद करून थंड होऊ द्यावा लागतो. तापलेल्या, दाब असलेल्या बंबाचे बूच काढणे म्हणजे उकळत्या पाण्याचा फवारा तोंडावर घेणे. दाब सोडून, बूच काढून तो रिता केला की त्याच्या वाटेची चावी फिरवून त्यास बाजूला टाकावयाचे. हे न करता पुढची क्रिया केली तर सहा गॅलनांचा तो बंबच आधी भरतो आणि औषध फुकट जाते. औषध म्हणजे गुलाबी रंगाचे अँटिफ्रीझ. ते पंपाने नळ्यांत खेचून घ्यावयाचे आणि एकेक नळ उघडावयाचा, आधी गरम पाण्याचा, मग थंड पाण्याचा. तोटीतून गुलाबी धार आली की बंद करावयाचा आणि पुढच्याकडे जावयाचे. ओटा झाला, मोरी झाली, शौचकूप झाले. बाहेरच्या बाजूस पाय धुण्याची एक तोटी असते, ती हमखास विसरली जाते आणि तीच फुटते. शेवटी प्रत्येक मोरीच्या वाकड्या नळीत पेलाभर औषध ओतावयाचे. साध्या वाहनास दोन-तीन गॅलन पुरतात.

बाकीची कामे लहान पण चिकट आहेत. बॅटरी पूर्ण भरून, काढून, घरात ठेवावयाची. शिशाची भरलेली बॅटरी कडाक्याची थंडी सोसते, रिती झालेली मात्र शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठून फुटते. सामर्थ्य हे भरलेपणात आहे, असे येथे कोणी म्हणेल. आम्ही ते म्हणत नाही, आम्ही फक्त बॅटरीविषयी बोलत आहोत. शीतकपाट रिते करून, पुसून, त्याचे दार किंचित उघडे ठेवावयाचे, नाही तर वसंतात ते उघडणाऱ्याच्या नाकाची कसोटी लागते. गॅसची चावी नळकांड्यापाशी बंद. इंधनाची टाकी भरून तीत ते टिकविणारे द्रव्य घालावयाचे आणि इंजिन थोडे चालवावयाचे, म्हणजे ते द्रव्य आतवर पोचते. चाकांत पुरेशी हवा, खाली फळ्या. छतावर चढून सांध्यांचा लेप तपासावयाचा. वरून घालावयाचे आच्छादन हवा खेळू देणारे हवे. निळी ताडपत्री घट्ट आवळून बांधली की आतला दमटपणा आतच कोंडतो, आणि बर्फापासून वाचविलेले वाहन बुरशीच्या स्वाधीन होते. अति झाकणे हेही एक दुर्लक्षच.

आता या खटाटोपात नैतिक प्रश्न कोठे आला, असे कोणी विचारील. आमच्या मते तो पहिल्या नळापासूनच आलेला आहे.

आपल्या लोकांत वाहनाची पूजा करण्याचा संप्रदाय आहे. खंडेनवमीस शस्त्रे आणि आयुधे पूजिली जातात, दसऱ्यास गाडीला झेंडूची माळ पडते. तिकडील देवळांतही नवीन गाडी घेऊन माणसे येतात. पुरोहित आरती ओवाळतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, नारळ वाढविला जातो. फिरते घरही अशा रीतीने पूजिले जाते, यात आम्हांस आनंदच आहे. दसरा येतो तो नेमका तिकडील पहिल्या दंवाच्या सुमारास. तेव्हा असे घडू शकते की, दसऱ्यास ज्या वाहनास हळदकुंकू लागले, त्याच वाहनाच्या नळ्यांत पाणी तसेच ठेवून मालक निर्धास्त झोपी गेला. त्याने पूजा केली की नाही? विधी झाला, हे खरे. परंतु आयुधपूजेच्या मुळाशी जो भाव आहे, ज्या साधनाने माझे काम केले त्याच्यापुढे मी वर्षातून एकदा नम्र होतो हा भाव, तो तोटीखाली वाकून पाणी काढण्यात अधिक आहे की माळ घालण्यात? आम्ही माळेच्या विरुद्ध नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपला शेतकरी काय करतो ते आठवावे. बैलाची शिंगे तो दुसऱ्या दिवशी रंगवील, झूल घालील, मिरवील. पण आदल्या संध्याकाळी तो त्याच्या खांद्यास हळद-तूप लावून, जोखडाने घट्टे पडलेली जागा मळून काढतो. त्या खांदेमळणीस वाजंत्री नसते. मिरवणूक आणि मळणी या दोहोंपैकी एकच ठेवावयाची झाल्यास काय ठेवावे, हे बैलास विचारले तर उत्तर सरळ आहे.

येथे बुद्धिवादी वाचक आम्हांस अडवील. बैल जिवंत आहे, त्यास वेदना आहे. ट्रेलरला कसली वेदना? हा आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. वाहनाप्रती कर्तव्य नाही, असे मान्य केले तरी वाहनाभोवती जिवंत प्राण्यांचे एक वर्तुळ असते. ते वर्तुळ पाहिले की प्रश्न पुन्हा उभा राहतो.

अँटिफ्रीझचेच घ्या. मोटारीच्या रेडिएटरमध्ये सामान्यतः जे घालतात ते एथिलीन ग्लायकोल; फिरत्या घराच्या पाण्याच्या नळ्यांत घालावयाचे ते प्रॉपिलीन ग्लायकोल. थंडी अडविण्याचे काम दोन्ही करतात. पण पहिले विष आहे आणि दुर्दैवाने चवीला गोड आहे; जमिनीवर सांडलेले थोडेसे जरी कुत्र्याने वा मांजराने चाटले तरी त्याची मूत्रपिंडे निकामी होऊन ते मरते. ज्या नळीतून पुढच्या उन्हाळ्यात नातवंडे पाणी पिणार, तीत ते घालणे हा तर सरळ घात होय. दोन्ही डबे दुकानात शेजारी शेजारी असतात. डब्यावरील बारीक अक्षरे वाचण्यास अर्धे मिनिट लागते. नीतिशास्त्रावर आपल्याकडे मोठमोठे ग्रंथ झाले. पण माणसाच्या नीतीचा पुष्कळसा भाग अशा अर्ध्या मिनिटांत निकालात निघतो.

मग उंदीर. थंडी पडू लागली की उंदरांस ऊब हवी असते, आणि उभे असलेले वाहन त्यांस आयतेच घर होते. पेन्सिल जाईल एवढे भोक त्यांस पुरते. आत आले की ते गादीतील कापूस आणि भिंतीतील अस्तर काढून घरटे करतात, तारा कुरतडतात. वसंतात दिवा लावावयास जावे तर उजेड नाही. यावर पुष्कळांचा उपाय विषाच्या गोळ्या हा असतो. विघ्नहर्त्याचे वाहन म्हणून ज्याला आपण देवघरात जागा देतो, त्याला आपल्या वाहनात जागा द्यावी काय, हा विनोदाचा प्रश्न झाला. पण विष ठेवावे काय, हा विनोदाचा नाही. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, तो अर्धमेला बाहेर हिंडतो, त्यास घुबड उचलते, आणि विष घुबडाच्या पोटात जाते. घुबडाचा यात काय अपराध? उलट, ऑक्टोबरात तासभर खाली उताणे पडून नळ्या नि तारा आत शिरतात तेथील प्रत्येक फट पोलादी काथ्याने बुजविली, आत धान्याचा कण नि बिस्किटाचा चुरा राहू दिला नाही, तर मारण्याचा प्रश्नच बव्हंशी उद्भवत नाही. अहिंसा ही पुष्कळदा दयेपेक्षा पूर्वतयारीची बाब असते. ज्याने वेळेवर भोक बुजविले नाही, त्याच्यावर पुढे मारण्याचा प्रसंग येतो आणि मग तो ‘नाइलाज’ या शब्दाचा आश्रय घेतो.

या वर्तुळात आणखी एक माणूस आहे, तो म्हणजे पुढचा धनी. ही वाहने हातोहात विकली जातात. ज्याच्या नळ्या एकदा फुटल्या, तळ भिजला, मग वरून नवी चटई घालून ते साजरे करण्यात आले, असे वाहन बाजारात चांगले दिसते. घेणारा बहुधा तरुण कुटुंबातला, बेताच्या पैशांचा. नवे परवडत नाही म्हणूनच तो जुने घेतो. त्याच्या पायाखालची फळी दोन वर्षांनी दबू लागते. या व्यवहारात खोटे कोणी बोलले नसेल. विचारले नाही म्हणून सांगितले नाही, एवढेच. आपल्या देवस्थानांच्या कारभारातही असे प्रसंग येतात, एका समितीने न सांगितलेली गळती दुसऱ्या समितीच्या माथी येते. पण तो विषय लांबणारा आहे, येथे त्यात शिरत नाही.

इतके सांगूनही मूळ आक्षेप उरतो, आणि तो आपल्याच परंपरेच्या तोंडून येतो. जी वस्तू वर्षातून पाचसहा आठवडे उपयोगी पडते आणि उरलेल्या वर्षभर राखावी लागते, ती मुळात जवळ असावीच कशाला? अपरिग्रह हे व्रत मानणाऱ्या माणसाने या गुलाबी औषधाचा घोळ घालण्यापेक्षा तंबू पाठीवर टाकून जावे. हा आक्षेप आम्हांस मनापासून मानवतो. तथापि त्याचा उपयोग लोक उलटा करतात, असे आम्ही पाहिले आहे. वस्तू घेताना अपरिग्रह आठवत नाही, राखताना आठवतो. ‘एवढे काय त्या गाडीचे, शेवटी सारे नश्वर आहे,’ असे म्हणून जो नळातले पाणी काढावयाचे टाळतो, त्याचे वैराग्य संशयास्पद आहे. विरक्त मनुष्य वस्तू देऊन टाकतो, कुजत ठेवीत नाही. वस्तू ठेवावयाची नसेल तर जो वापरील त्यास द्यावी. तीन-चार कुटुंबांनी मिळून एकच घ्यावी, असेही चालते आणि ते आम्हांस अधिक पसंत आहे. परंतु जोवर ती आपली म्हणून अंगणात उभी आहे, तोवर तिचे क्षेम आपल्याकडे आहे. आपल्या देवळांतील रथ वर्षातून मोजकेच दिवस बाहेर निघतो. उरलेल्या दिवसांत त्याच्या लाकडाला वाळवी लागू नये, दोर कुजू नयेत, म्हणून कोणीतरी खपत असते. देवाची वस्तू म्हणून खपते, हे खरे. परंतु सारेच ईश्वराने व्यापलेले आहे, असे जर आपण रोज संध्येत नि प्रवचनांत म्हणतो, तर देवाची वस्तू आणि माझी वस्तू यांतील रेघ आपल्याला वाटते तितकी ठळक उरत नाही.

हे तत्त्व गोमंतकातील वाचकांस नव्याने सांगावयास नको. तेथे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीस बंदी असते; त्याआधी होड्या वर ओढून, माडाच्या झावळ्यांखाली झाकून ठेवण्याची रीत तर कायद्याहून फार जुनी. पावसाळ्याची बेगमी करण्यास कोंकणीत ‘पुरुमेंत’ असा पोर्तुगीज भाषेतून आलेला पण आता पुरता घरचा झालेला शब्द आहे : सोलां, सुके मासे, मिरच्या, चिंच, लाकडे. समुद्र बंद असतो त्या काळात कोळी जाळी विणतो, होडीची फट बुजवितो. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ जो अर्पण होतो, तो ज्याने होडी राखली त्याच्याच हातून शोभतो.

फिरत्या घरांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आहे जी होडीच्या उपमेत मावत नाही. आम्ही वर जे सांगितले ते हिवाळ्यासाठी वाहन रिते करण्याविषयी. ज्यांस ते रिते करता येत नाही, अशीही माणसे त्याच देशात आहेत. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी २०१७ साली ‘नोमॅडलँड’ नावाचे पुस्तक लिहिले. २००८ च्या आर्थिक घसरणीनंतर घरे गमावलेली, साठी-सत्तरी उलटलेली माणसे जुन्या गाड्यांत आणि ट्रेलरांत राहून हंगामी मजुरीच्या मागे गावोगाव कशी हिंडतात, ते तीत आहे. त्याच नावाच्या चित्रपटास पुढे २०२१ साली ऑस्कर मिळाले. त्या वृद्धांचे वाहन आणि आमच्या उदाहरणातील वाहन एकाच कारखान्यातून निघालेले असू शकते. एकाला ते उन्हाळ्याची मौज, दुसऱ्याला ते डोक्यावरचे छप्पर. जो मौजेसाठी घेतो आणि हलगर्जीपणाने सडू देतो, तो एक छप्पर नाहीसे करतो, हा विचार आमच्या मनातून जात नाही. कायद्याने तो दोषी नाही. पैसे त्याचे, वस्तू त्याची. परंतु ज्या वस्तूत कोणी सुखाने राहिले असते ती वस्तू निरुपयोगी होऊ देणे, आणि तेही दुष्टपणाने नव्हे तर एक शनिवार मोडावयाचा नाही म्हणून, यास आमच्या मते अपराधाहून सौम्य शब्द नाही.

शेवटी ज्या प्रश्नामुळे हा लेख लिहावासा वाटला, तो सांगतो. आमच्या परिचयाचे एक वृद्ध दांपत्य उत्तरेकडील अशाच एका थंड राज्यात राहते. वीस वर्षे त्यांनी आपला ट्रेलर वापरला, वीस वर्षे यजमानांनी तो स्वतः निजविला आणि वसंतात स्वतः उठविला. मागल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांस गाडी चालविण्याची मनाई केली. म्हणजे आता तो ट्रेलर त्यांच्या हातून पुन्हा रस्त्यावर जाणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. विकावा तर हिवाळ्याच्या तोंडावर गिऱ्हाईक नाही. ऑक्टोबर आला तसे यजमान औषधाचे डबे घेऊन आले. बाईंनी विचारले, “अहो, आता कुणासाठी करताय हे? गुडघे दुखतात तुमचे.” ते म्हणाले, “कुणीतरी नळ उघडेलच की.”

बाईंचा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. गुडघे खरोखरीच दुखतात, आणि देहाचे क्षेम हेही क्षेमच आहे. सत्तरी उलटलेल्या माणसाने थंडीत ट्रेलरखाली शिरू नये, असे आम्ही त्यांस सांगितलेही असते. पण त्यांच्या उत्तरात आमच्या आरंभीच्या पेचास वाट आहे. कर्तव्य वस्तूप्रतीही नव्हते आणि स्वतःप्रतीही नव्हते. ते एका अशा माणसाप्रती होते, ज्याचे नाव-गाव ठाऊक नाही, जो अद्याप भेटलेला नाही, जो कदाचित आपल्या भाषेचाही नाही. फलाची आशा न धरता कर्म करावे, असे आपण ऐकतो तेव्हा बहुधा आपल्या डोळ्यांसमोर रणांगण असते. फळ दुसऱ्या कोणाच्या तरी मोरीत, दुसऱ्या कोणाच्या तरी उन्हाळ्यात, स्वच्छ पाण्याच्या धारेच्या रूपाने येणार आहे, ही निष्कामता त्याहून कमी अवघड आहे असे आम्हांस वाटत नाही.

काम दोन दिवस चालले. खालचे बूच काढावयास त्यांनी शेजारच्या मुलास बोलाविले आणि त्यास नीट मोबदला दिला. नळ बाईंनी एकेक करून उघडले, आणि गुलाबी धार दिसली की आतून हाक दिली. ओट्यावरील कपाटाच्या दाराला आतल्या बाजूस एक वही टांगलेली असे. तीत वीस वर्षांच्या नोंदी होत्या : कोणत्या तारखेस निजविला, कोणती चावी कोणीकडे फिरविली, छताच्या मागल्या कोपऱ्यातील सांधा कोणत्या साली पहिल्यांदा ओलावला. त्या साऱ्या मराठीत होत्या. पुढचे आठ दिवस यजमान स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्या इंग्रजीत उतरवून काढीत होते, आणि ओलावलेल्या सांध्याची नोंद त्यांनी पहिल्या पानावर घेतली.